एसएसआरएसचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेताना नेमका क्रम काय ठेवावा?

धागाकर्ता (रत्नागिरी)

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया व निर्यात कंपनीत मी संगणक विभाग सांभाळतो. रोजची आवक, शीतगृहातील तापमान, लॉटनिहाय माग, पॅकिंग आणि निर्यातीची कागदपत्रे असे आमचे बहुतेक सर्व अहवाल एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसवर, म्हणजे एसएसआरएसवर चालतात. ही यंत्रणा एसक्यूएल सर्व्हर २०१४ वर उभारलेली आहे. त्या आवृत्तीचा वाढीव सपोर्ट ९ जुलै २०२४ रोजी संपला असल्यामुळे सुरक्षेचे अपडेट येणे बंद झाले आहे आणि लेखापरीक्षकांनी तसा लेखी शेराही दिला आहे. मशीनची अवस्थाही बरी नाही. आमची इमारत बंदरापासून फार दूर नाही, आणि सर्व्हरच्या मागच्या बाजूला जिथे केबल लागतात तिथे खाऱ्या हवेने हिरवट थर चढलेला स्पष्ट दिसतो.

नवे मशीन आले आहे, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०२२ आणि एसएसआरएस २०२२ बसवायचे आहे. ईआरपीचा (कंपनीची खरेदी-विक्री, साठा व हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस सध्या जुन्याच मशीनवर राहील, कारण तो हलवण्याचे काम ईआरपीवाल्यांकडे असून त्यांची तारीख अजून ठरलेली नाही. म्हणजे तूर्त फक्त अहवालांची यंत्रणा हलवायची आहे. 'रिपोर्टसर्व्हर' आणि 'रिपोर्टसर्व्हरटेम्पडीबी' या दोन्ही डेटाबेसचे बॅकअप घेऊन नव्या मशीनवर रिस्टोअर करावेत, एवढे मला माहीत आहे. त्याच्या आधी काय आणि नंतर काय, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. व्यवस्थापनाची इच्छा अशी की १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात काम उरकावे, कारण तेव्हा आवक जवळजवळ नसते.

प्रतिसाद (कुडाळ)

आपण बॅकअपपासून सुरुवात करत आहात, पण त्याच्याही आधी एक काम करावे लागते, आणि ते राहिले तर पुढचे सगळे बिनचूक होऊनही उपयोग होत नाही. रिपोर्टसर्व्हर डेटाबेसमध्ये अहवालांच्या व्याख्या, फोल्डर, अधिकार, वेळापत्रके आणि सबस्क्रिप्शन (ठरलेल्या वेळी अहवाल आपोआप मेलने पाठवण्याच्या नोंदी) असतात. त्याखेरीज डेटासोर्सच्या (अहवाल जिथून माहिती घेतात त्या स्रोतांच्या) कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे जोडणीचे पत्ते, आणि साठवलेले युजरनेम-पासवर्डही तिथेच असतात, मात्र ते एन्क्रिप्ट करून. ते उलगडणारी किल्ली, म्हणजे एन्क्रिप्शन की, डेटाबेसच्या बॅकअपबरोबर वापरण्याजोग्या स्वरूपात येत नाही. ती वेगळी काढून ठेवावी लागते.

रिपोर्टिंग सर्व्हिसेस कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, डावीकडे 'एन्क्रिप्शन कीज' असा भाग आहे, तिथून बॅकअप घ्या. पासवर्ड विचारला जाईल आणि 'एसएनके' प्रकारची एक छोटी फाइल तयार होईल. कमांडने करायचे असल्यास 'आरएसकीमॅनेजमेंट' ही सोय आहेच (लिहिताना तिचे नाव 'आरएसकीएमजीएमटी' असे आखडते होते). ही फाइल आणि तिचा पासवर्ड हाती असल्याशिवाय जुन्या मशीनला हात लावू नका. आपण मशीनच्या मागच्या बाजूचे जे वर्णन केले आहे ते वाचून मी तर म्हणेन की हे काम आजच करा, स्थलांतराची तारीख नंतर ठरू द्या.

किल्ली हरवली तर अहवाल नष्ट होत नाहीत, हेही सांगतो. 'डिलीट एन्क्रिप्टेड कंटेंट' हा पर्याय वापरून सर्व्हर सुरू करता येतो. पण मग प्रत्येक डेटासोर्सचा पासवर्ड नव्याने भरावा लागतो, आणि साठवलेल्या पासवर्डवर चालणारी सबस्क्रिप्शन तोवर बंद पडतात. ज्या डेटासोर्सचे पासवर्ड कोणालाच आठवत नाहीत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न वेगळाच.

धागाकर्ता (रत्नागिरी)

नेमकी इथेच माझी अडचण आहे. ही यंत्रणा ज्या पुरवठादाराने उभारली त्याने काम सोडताना किल्लीचा बॅकअप किंवा पासवर्ड यांपैकी काहीही आमच्या स्वाधीन केले नाही. आता तिथे त्या वेळचे कोणीच नाही. अशा वेळी किल्ली कशी मिळवायची?

प्रतिसाद (कुडाळ)

त्यांच्या पासवर्डची आपल्याला गरज नाही. तो पासवर्ड त्यांनी घेतलेल्या फाइलचा होता, मूळ किल्लीचा नव्हे. जुनी सेवा चालू आहे आणि अहवाल नीट उघडत आहेत, याचाच अर्थ त्या मशीनला किल्ली उलगडता येते. तेव्हा त्याच मशीनवर नवा बॅकअप घ्यायचा आणि आपल्या पसंतीचा नवा पासवर्ड द्यायचा.

एकच पथ्य पाळा. रिपोर्ट सर्व्हरची सेवा ज्या खात्याने चालते ते खाते किंवा त्याचा पासवर्ड विंडोजच्या 'सर्व्हिसेस' खिडकीतून बदलू नका. किल्ली त्या खात्याच्या आधाराने सुरक्षित केलेली असते. बदल करायचाच असेल तर तो कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच करावा, म्हणजे किल्लीही सोबत सांभाळली जाते.

प्रतिसाद (चिपळूण)

मुहूर्ताबद्दल लिहितो. बंदीच्या काळात कामाचा ताण कमी असतो हे खरे, पण कोकणात जून-जुलै म्हणजे वीज आणि इंटरनेट या दोहोंचा भरवसा सर्वांत कमी असलेला काळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढे कितीतरी दिवस श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दोन्ही तारखा नेमक्या आपल्या बंदीच्या काळात येतात. अशी वर्षे रोज येत नाहीत, पण रिस्टोअर अर्ध्यावर असताना वीज जाणे यासाठी वादळच लागते असेही नाही.

तारीख पावसाळ्यातच घ्यावी लागणार असेल तर दोन्ही मशीन, स्विच आणि राउटर अशा चौघांनाही पुरेल असा यूपीएस आणि डिझेल भरलेला जनरेटर यांची खात्री आधी करून घ्या. बऱ्याच ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर असतो आणि स्विच साध्या प्लगवर. शिवाय बॅकअपच्या फाइल आणि ती एसएनके फाइल यांची एक प्रत दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर असलीच पाहिजे. पुराच्या वेळी तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच इमारतीतल्या कपाटातली बॅकअपची डिस्क ही दोन्ही बरोबरच पाण्यात जातात. किल्लीच्या फाइलचा पासवर्ड मात्र त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवू नका. तो बंद पाकिटात लेखा विभागाच्या तिजोरीत द्या.

गणपतीच्या सुट्टीचा पर्यायही कोणीतरी सुचवेलच. माझा त्याला विरोध आहे. कारखाना बंद असतो हे ठीक, पण अहवाल बरोबर आहेत की नाहीत हे सांगणारी माणसेही तेव्हा घरी असतात, आणि ज्यांना फोन करायचा ते मुंबईचे तंत्रज्ञही गावी आलेले असतात. माझ्या मते दसऱ्यानंतरचा एखादा शनिवार-रविवार सर्वांत चांगला.

प्रतिसाद (अलिबाग)

प्रत्यक्ष हलवण्याबद्दल. बॅकअप घेताना 'कॉपी-ओन्ली' हा पर्याय द्या, म्हणजे आपली रोजच्या बॅकअपची साखळी तुटत नाही. दोन्ही डेटाबेसची नावे जशीच्या तशी ठेवा. 'रिपोर्टसर्व्हरटेम्पडीबी'चे नाव स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) लिहिलेले असते, ते बदलले तर अहवाल चालतच नाहीत. कोलेशनलाही (अक्षरांची तुलना व क्रम ठरवणाऱ्या सेटिंगला) हात लावू नका. २०१४ चा बॅकअप २०२२ वर रिस्टोअर होतो, उलट दिशेने होत नाही. आणि नवी सेवा त्या डेटाबेसला जोडली गेली की त्याची रचना आपोआप नव्या आवृत्तीची होते. म्हणून परतीचा रस्ता हवा असेल तर तो जुन्या मशीनवरच्या, हात न लावलेल्या डेटाबेसमधूनच जातो.

रिस्टोअर झाल्यावर नव्या मशीनवर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून 'आधीचा डेटाबेस निवडा' असे करून जोडणी करायची आणि मग किल्ली रिस्टोअर करायची. आपली आवृत्ती स्टँडर्ड असेल तर इथे बहुधा 'स्केल-आउट डिप्लॉयमेंट या आवृत्तीत चालत नाही' अशी चूक दिसेल. घाबरू नका. रिपोर्टसर्व्हरमधल्या 'कीज' नावाच्या टेबलमध्ये जुन्या मशीनच्या नावाची ओळ तशीच आलेली असते, त्यामुळे सर्व्हरला आपण दोन मशीन जोडत आहोत असे वाटते. ती एक ओळ काढली की काम होते. ज्या ओळीत मशीनचे नाव रिकामे आहे तिला मात्र धक्का लावू नका. ओळ काढण्यापूर्वी टेबलची प्रत घेऊन ठेवा, हे सांगायला नको.

जुनी आवृत्ती एंटरप्राइज होती आणि नवी स्टँडर्ड घेतली आहे, असे तर नाही ना? डेटा-ड्रिव्हन सबस्क्रिप्शन (ज्यांत अहवाल कोणाला जायचा हे डेटाबेसमधल्या यादीवरून ठरते) फक्त एंटरप्राइजमध्ये चालतात. तसेच बसवताना प्रॉडक्ट की न देता पुढे गेलात तर ती चाचणी आवृत्ती बसते आणि १८० दिवसांनी बंद पडते. की कुठे मिळते हा प्रश्न अनेकांना पडतो. एसक्यूएल सर्व्हर २०२२ चे सेटअप चालवताना ती त्याच्याच एका पानावर दिसते.

आता ज्या गोष्टी रिपोर्टसर्व्हर डेटाबेसच्या बाहेर असतात त्यांच्याकडे वळतो. एसक्यूएलचे लॉगिन 'मास्टर' डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे ते वेगळे आणावे लागतात. सबस्क्रिप्शन वेळेवर सुटण्यासाठी एसक्यूएल एजंटचे (वेळापत्रकाप्रमाणे कामे चालवणाऱ्या सेवेचे) जॉब लागतात, आणि ते जॉब 'एमएसडीबी'मध्ये असतात. रिपोर्ट सर्व्हरची सेवा नव्या ठिकाणी सुरू झाली की वेळापत्रकावरून ती हे जॉब पुन्हा तयार करते, मात्र त्यासाठी 'मास्टर' आणि 'एमएसडीबी' या दोन्हींत 'आरएसएक्झेकरोल' ही भूमिका आणि तिचे अधिकार असावे लागतात. ती नसेल तर अहवाल हाताने उघडतात, पण सकाळची एकही मेल जात नाही, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

याच संदर्भात एक सावधगिरी. चाचणी चालू असताना नव्या मशीनवर मेल सर्व्हरचा पत्ता भरू नका किंवा एसक्यूएल एजंट बंद ठेवा. सबस्क्रिप्शन दोन्हीकडे जिवंत असतात. आपण चाचणी करत आहात हे त्यांना ठाऊक नसते, आणि परदेशी खरेदीदाराला एकाच लॉटचे दोन अहवाल जातात. त्यात नव्या मशीनवरचा डेटा जुना असला तर आकडेही जुळत नाहीत. मग खुलासा करत बसावे लागते.

ईआरपी जुन्या मशीनवर राहणार आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून प्रत्येक डेटासोर्सची कनेक्शन स्ट्रिंग उघडून पाहा. पूर्वी सर्व काही एकाच मशीनवर होते, तेव्हा तिथे 'लोकलहोस्ट' किंवा नुसता टिंब लिहिलेला असण्याची शक्यता फार आहे. नव्या मशीनवर गेल्यावर 'लोकलहोस्ट' म्हणजे नवे मशीन, आणि तिथे ईआरपीचा डेटाबेसच नाही. ही स्ट्रिंग एन्क्रिप्ट केलेली असल्यामुळे टेबलमध्ये शोधून सापडत नाही, अहवालांच्या वेब पोर्टलवरूनच एकेक पाहावी लागते. सामाईक डेटासोर्स वापरले असतील तर काम थोडे, प्रत्येक अहवालाने स्वतःचा डेटासोर्स बाळगला असेल तर बरेच. ही संधी साधून सगळे सामाईक करून घ्या.

प्रतिसाद (देवगड)

कोणते अहवाल न्यायचे आणि कोणते गाळायचे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच, कारण जुन्या सर्व्हरवर कोणीही न उघडणारे अहवाल ढिगाने असतात. रिपोर्टसर्व्हरमध्ये 'एक्झिक्यूशनलॉग३' नावाचा व्ह्यू आहे. कोणी, केव्हा, कोणता अहवाल चालवला आणि त्याला किती वेळ लागला हे त्यात दिसते. त्याच्या आधारे यादी करा असा सल्ला सगळीकडे दिला जातो, आणि तो बरोबरही आहे.

मात्र या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे ६० दिवसच ठेवल्या जातात, आणि आपली बंदी ६१ दिवसांची आहे. जुलैच्या शेवटी तो व्ह्यू पाहून यादी केलीत तर आवकेचा प्रत्येक अहवाल 'कोणी वापरत नाही' असाच दिसेल. आमच्याकडे आंब्याचेही असेच आहे. हापूसच्या पेट्यांचे, प्रतवारीचे आणि पाठवणीचे अहवाल मार्च ते मे एवढेच चालतात आणि उरलेले वर्षभर पडून असतात. ऑक्टोबरमध्ये पाहणाऱ्याला ते मेलेले वाटतील. त्यामुळे हे सेटिंग आजच वाढवून एक वर्षाच्या पुढे न्या, आणि तोवर यादी करायची झाल्यास लॉगबरोबर उत्पादन, गुणवत्ता आणि लेखा या तिन्ही विभागांना विचारून करा. वार्षिक हिशेबाचे, विम्याचे आणि युरोपच्या कॅच सर्टिफिकेटसाठी (मासळी वैध रीतीने पकडल्याच्या दाखल्यासाठी) लागणारे अहवाल वर्षात क्वचित चालतात, पण हवे तेव्हा ते हवेच असतात.

माझे मत विचाराल तर स्थलांतर आणि साफसफाई ही दोन कामे एकत्र करूच नका. आहे ते सगळे न्या. गाळायचे ते नंतर एका वेगळ्या फोल्डरमध्ये लपवा आणि पूर्ण वर्ष जाऊ द्या.

प्रतिसाद (मालवण)

आपल्या अहवालांत मराठी मजकूर आहे का? असेल तर फॉन्टचा विचार आताच करा. पीडीएफ सर्व्हरवर तयार होते, त्यामुळे फॉन्ट सर्व्हरवर असावा लागतो. अहवाल बनवणाऱ्याच्या मशीनवर प्रिव्ह्यू सुंदर दिसतो आणि पीडीएफमध्ये 'म्हाकूल'च्या जागी चौकोन येतात किंवा जोडाक्षर फुटून हलन्त वेगळा पडतो. विंडोज १० पासून 'मंगल' हा मूळ फॉन्टसंचात नसून देवनागरीच्या पुरवणी संचात आहे, आणि 'निर्मला यूआय' मूळ संचात आहे. जुन्या अहवालांत 'मंगल' लिहिलेला असेल तर नव्या सर्व्हरवर तो आहे का ते पाहा, आणि नसल्यास सर्व युजरसाठी बसवून रिपोर्ट सर्व्हरची सेवा पुन्हा सुरू करा.

त्याहून जुने अहवाल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर गोष्ट अधिक कठीण. तिथे डेटाबेसमध्ये मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर लेबलवर 'सुरमई' न येता निरर्थक रोमन अक्षरे छापली जातात. फॉन्टची फाइल आणि तिचा परवाना सापडतो का ते आधी शोधा. शक्य असेल तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून 'एनव्हारकॅर' रकान्यात आणा. साध्या 'व्हारकॅर' रकान्यात देवनागरी घातली तर नेहमीच्या कोलेशनमध्ये प्रश्नचिन्हेच उरतात.

धागाकर्ता (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. किल्लीचा बॅकअप त्याच दिवशी घेतला. जुन्या पासवर्डची खरोखरच गरज पडली नाही. फाइलची एक प्रत कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात ठेवली आहे आणि पासवर्डचे पाकीट लेखा विभागाकडे दिले आहे. व्यवस्थापनानेही पावसाळ्याचा आग्रह सोडला असून काम दसऱ्यानंतर होईल. तोवर नव्या मशीनवर रंगीत तालीम चालू आहे.

तालमीत 'कीज' टेबलची चूक अगदी सांगितल्याप्रमाणे आली आणि ती ओळ काढल्यावर गेली. 'लोकलहोस्ट' बऱ्याच ठिकाणी निघाले, ते सगळे आता सामाईक डेटासोर्सवर आणत आहे. आणखी एक गोष्ट दिसली ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून लिहितो. आमच्याकडे डोमेन (सर्व मशीनची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) नाही. पोर्टलवरचे अधिकार जुन्या मशीनवरच्या स्थानिक विंडोज खात्यांना दिलेले होते, आणि नव्या मशीनवर त्याच नावाची खाती उघडली तरी ते अधिकार लागू होत नाहीत, कारण विंडोजच्या लेखी ती खाती वेगळी आहेत. अधिकार नव्याने द्यावे लागले. तसेच नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या नावावर बरीच सबस्क्रिप्शन होती, त्यांची मालकी नव्या पोर्टलवरून बदलता आली.

दोन प्रश्न राहतात. एसएसआरएस २०२२ नंतर पुढची आवृत्ती नाही असे ऐकले, मग आताच पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या अहवाल यंत्रणेवर जावे का? आणि काम झाल्यावर जुन्या मशीनवरची अहवालांची यंत्रणा केव्हा काढावी?

प्रतिसाद (अलिबाग)

ऐकले ते बरोबर आहे. एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून आपल्याच जागेत चालणाऱ्या अहवालांसाठी मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर हाच मार्ग ठेवला आहे. पण एसएसआरएस २०२२ ला जानेवारी २०३३ पर्यंत सपोर्ट आहे, आणि आपले नेहमीचे अहवाल पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरवरही चालतात. आपल्या हाती २०२२ चा परवाना असताना दोन उड्या एकदम मारण्याची गरज नाही. आज डेटासोर्स सामाईक केलेत, किल्ली जपलीत आणि फॉन्ट युनिकोडवर आणलेत, तर पुढची उडी बरीच सोपी जाईल.

पत्त्याचाही आताच विचार करा. लोकांनी जतन केलेल्या दुव्यांत जुन्या मशीनचे नाव आहे. या वेळी 'रिपोर्ट्स' असे एखादे तटस्थ नाव अंतर्गत डीएनएसमध्ये नोंदवा आणि सर्वांना तेच द्या, म्हणजे पुढे मशीन बदलले तरी पत्ता बदलणार नाही. जुन्या रिपोर्ट मॅनेजरच्या पत्त्यांची रचना २०१६ नंतरच्या पोर्टलपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे ईआरपीच्या मेनूत आणि एक्सेलच्या मॅक्रोत लिहिलेले दुवे एकेक करून तपासा.

जुन्या मशीनवर ईआरपी राहणार असल्याने मशीन चालूच असेल. तिथली फक्त रिपोर्ट सर्व्हरची सेवा थांबवून 'डिसेबल्ड' करा आणि तिचे एजंटमधले जॉब बंद करा. कोणी चुकून सेवा सुरू केली तर मेल पुन्हा दोनदा जातील, म्हणून जॉब बंद करणे विसरू नका. डेटाबेस मात्र काढू नका. तिमाहीचे आणि ३१ मार्चचे वर्षअखेरीचे अहवाल नव्या मशीनवरून निघून लेखा विभागाने जुन्या छापील प्रतींशी ताडून सही केली, की मग शेवटचा बॅकअप घेऊन एसएनके फाइलशेजारी ठेवा आणि तिथले दोन्ही डेटाबेस काढून टाका.